गर्भाचे त्रिमितीय चित्र आणि चुकलेला अक्ष
(माधवगंज येथील गणेशोत्सवातील व्याख्यान)



जिथे गाणे आणि कीर्तन होते, त्या मंडपात मंडळाने आम्हांला विज्ञानावर बोलू दिले, याबद्दल आभार.

पुणे विद्यापीठाच्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी एडिनबरा येथे कोंबडीच्या गर्भावर संशोधन केले. त्या पिढीला गर्भाच्या आतले पाहायचे तर तो मेणात बसवून पातळ काप घ्यावे लागत. अख्खा गर्भ मग उरत नसे. त्याच शहरातून २००२ साली जेम्स शार्प आणि सहकाऱ्यांनी न कापता पाहण्याची रीत प्रसिद्ध केली : ऑप्टिकल प्रोजेक्शन टोमोग्राफी. गर्भ रसायनाने पारदर्शक करायचा, प्रकाशात थोडा थोडा फिरवायचा आणि दर कोनातून छायाचित्र घ्यायचे. प्रत्येक वेळी ०.९ अंश फिरवला, तर एका फेरीत ४०० छायाचित्रे होतात. त्यांवरून संगणक आतली रचना उभी करतो. अशा रचनेचे गणित सुटसुटीत करण्यात आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या १९७१ च्या निबंधाचा मोठा वाटा आहे.

मात्र गर्भ कोणत्या अक्षाभोवती फिरला, हे संगणकाला नेमके कळले पाहिजे. त्यात जराशी चूक झाली, की एका बिंदूचे वर्तुळ होते आणि एका रेषेच्या दोन दिसतात. मग ते वर्तुळ रक्तवाहिनी समजायचे की यंत्राचा दोष? निरोगी गर्भात व्यंग दिसायचे!

नजरेने अक्ष जुळवला, तर दर माणसाचे उत्तर वेगळे येते. म्हणून हे काम संगणकावर सोपवतात. समोरचे आणि १८० अंशांवरचे छायाचित्र एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असायला हवे. संगणक एक उलटवून दुसऱ्यावर सरकवतो. जुळेपर्यंत जितके सरकवावे लागले, त्याच्या निम्म्याने अक्ष मध्यापासून ढळलेला असतो. दुसरी रीत अशी : निरनिराळे अक्ष धरून एकच काप पुनःपुन्हा रचायचा आणि सर्वांत स्पष्ट येईल तो निवडायचा.

पण स्पष्ट चित्र खरे असेलच असे नाही. फिरताना गर्भच वाकला असेल, तर नुसते सरकवून तो दोष जात नाही. तेव्हा दोन्ही रीतींचे उत्तर जुळते का, हे तपासणारा जाणता माणूस लागतोच. आणि त्याला गर्भही कळावा लागतो, गणितही.

म्हणून एकच विनंती. घरातल्या मुलीला गणित घ्यावे की जीवशास्त्र, असा प्रश्न पडला, तर तिला दोन्ही घेऊ द्या.

गणपती बाप्पा मोरया!