जुन्या घरातील वाळवी, भुंगेरे आणि उंदीर : औषध सर्वांत शेवटी

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कपाशीवर बोंडअळी दिसली किंवा तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आली, की आपण लगेच चौकशी करतो. कोणती कीड आहे, नुकसानीची पातळी गाठली आहे का, कोणते औषध किती घ्यावे, हे सारे विचारतो. पण ज्या घरात आपण राहतो, ज्या घरात वर्षाचे धान्य आणि पुढच्या हंगामाचे बियाणे ठेवतो, त्या घराला कीड लागली तर मात्र इतकी चौकशी होत नाही. कोणी शेतातले उरलेले औषध तुळईवर ओततो, कोणी धान्यातल्या गोळ्या उंदराच्या बिळात टाकतो. यात तुळई वाचत नाही आणि माणसाच्या जिवाला मात्र धोका होतो. म्हणून आज जुन्या घरातील किडींचा बंदोबस्त कसा करावा आणि त्यासाठी व्यावसायिक माणूस बोलावला तर त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे, याविषयी बोलणार आहे.

आपली जुनी घरे निरनिराळ्या प्रकारची आहेत. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या भागात दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. कोकणात चिऱ्याच्या भिंती आणि कौले. विदर्भात कुडाच्या किंवा मातीच्या भिंती आणि कवेलू. प्रकार वेगळे असले तरी तीन गोष्टी सगळीकडे सारख्या आहेत : माती, लाकूड आणि फटी. वाळवीला माती व लाकूड हवे, भुंगेऱ्याला लाकूड हवे आणि उंदराला फट हवी. त्यामुळे जुने घर हे या तिघांचेही आवडते ठिकाण आहे.

थंड देशांतही जुन्या लाकडी घरांची अडचण अशीच असते. तेथे बर्फ पडण्याच्या आधी उंदीर उबेसाठी घरात शिरतात, म्हणून हिवाळा सुरू होण्यापूर्वीच भिंतींच्या फटी बुजवण्याचे काम हाती घेतले जाते. आपल्याकडे उंदीर घराकडे वळण्याच्या वेळा दोन. पावसाळ्यात बिळात पाणी शिरते तेव्हा, आणि सुगी संपून शेत मोकळे होते तेव्हा. पण धडा तोच आहे. कीड आत आल्यावर औषध शोधण्यापेक्षा ती येण्याआधी वाट बंद करणे स्वस्त पडते.

आधी कीड ओळखा

वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे या दोन वेगळ्या किडी आहेत. दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. वाळवी जमिनीतून येते. ती उजेड आणि कोरडी हवा टाळते, म्हणून भिंतीवरून, खांबावरून मातीची बोगद्यासारखी नळी बांधत वर चढते. ती लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते व सकाळी जमिनीवर पंखांचा सडा दिसतो. हे पंख घराच्या आतल्या भिंतीपाशी किंवा चौकटीपाशी सापडले, तर वाळवीचे घर जवळच आहे असे समजावे.

भुंगेरे लागले असतील तर मातीची नळी दिसत नाही. लाकडावर बारीक गोल छिद्रे दिसतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. हा भुसा झाडून घ्यावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. पुन्हा पडला असेल तर कीड जिवंत आहे. पडला नसेल तर ती छिद्रे जुनी आहेत, त्यावर खर्च करण्याचे कारण नाही. वाळवीचीही अशीच परीक्षा घेता येते. मातीची नळी एका ठिकाणी बोटभर फोडावी. दोन-चार दिवसांत ती पुन्हा बांधली गेली, तर वाळवीची ये-जा चालू आहे.

तिसरी परीक्षा लाकडाच्या ताकदीची. तुळईची भिंतीत शिरलेली टोके, खांबाचे बूड आणि दाराच्या चौकटीचे पाय येथे हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला तर पेचकस टोचून पाहावा. माळवदाच्या घरात हे फार महत्त्वाचे आहे. गळती थांबावी म्हणून आपण माळवदावर वरचेवर पांढरी माती टाकतो आणि वजन वाढवत जातो. खाली तुळई पोखरलेली आणि वर पावसात भिजलेली माती, अशा घरात झोपणे धोक्याचे आहे. अशी तुळई सापडल्यास आधी तिला टेकू द्यावा, जाणत्या सुताराला किंवा गवंड्याला दाखवावी आणि मगच औषधाचा विचार करावा. पोकळ झालेल्या तुळईला औषधाने बळ येत नाही.

पाणी आणि माती दूर ठेवा

जुन्या गवंड्यांनी लाकडी खांब जमिनीत पुरला नाही, दगडी तळखड्यावर उभा केला. त्यामुळे लाकूड ओलीपासून दूर राहिले आणि वाळवी चढू लागली तर तिची नळी दगडावर स्पष्ट दिसली. अलीकडे अनेक घरांत मूळ जमिनीवर भराव घालून फरशी बसवली जाते आणि तळखडा त्याखाली गाडला जातो. मग वाळवी फरशीखालून थेट खांबात शिरते व वर्षानुवर्षे कळत नाही. नवी फरशी घालताना तळखडा उघडा राहील एवढी जागा सोडावी.

घराबाहेर भिंतीला लागून सरपण, गोवऱ्या, तुराट्या किंवा जुनी लाकडे रचू नयेत. कडब्याची गंजी भिंतीपासून दूर असावी. मोरीचे आणि पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू देऊ नये, चर काढून दूर न्यावे. फुटलेली कौले पावसाळ्यापूर्वी बदलावीत. ओली भिंत आणि तिला टेकलेले लाकूड हे वाळवीला आमंत्रणच आहे.

भुंगेऱ्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साग किंवा इतर टिकाऊ लाकडाच्या पक्क्या गाभ्याला ते सहसा लागत नाहीत. सालीलगतचा फिकट, कच्चा भाग ते खातात. दुरुस्तीसाठी लाकूड घेताना कच्चा भाग तासून टाकलेले व चांगले वाळलेले घ्यावे. बांबू वापरायचा असल्यास तो तोडल्यानंतर तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातील पिष्टमय भाग निघून जातो व कीड कमी लागते. लाकडाला तेल किंवा व्हार्निश दिल्यास उघडी छिद्रे बुजतात आणि भुंगेऱ्याला अंडी घालायला जागा उरत नाही.

उंदरांची वाट बंद करा

लहान घरउंदराला सुमारे सहा मिलिमीटरची, म्हणजे पाव इंचाची फट पुरते. मोठ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. दाराखालची फट, मोरीचे तोंड, भिंत आणि छप्पर यांमधील मोकळी जागा, तुळईच्या टोकांभोवतीची पोकळी या त्यांच्या मुख्य वाटा आहेत. बिळे काचेचे तुकडे मिसळलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने बुजवावीत. मोरीला बारीक जाळी व दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी लावावी. कौलांवर टेकणाऱ्या झाडाच्या फांद्या छाटाव्यात. धान्याची पोती जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून न ठेवता लाकडी फळ्यांवर, चारही बाजूंनी झाडता येईल अशी ठेवावीत. शक्य असेल तर पत्र्याची कोठी वापरावी.

घराच्या आत पिंजरा आणि सापळा हेच चांगले. विषारी आमिष खाल्लेला उंदीर बहुधा जाड भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो आणि दुर्गंधी आठवडाभर जात नाही. शेताच्या बांधावर वापरण्याचे झिंक फॉस्फाईडचे आमिष घरात आणू नये, कारण त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्के तीव्रतेचे तयार आमिष वापरले जाते. त्याने उंदीर काही दिवसांनी मरतो. पण तेही मुलांच्या व जनावरांच्या हाती लागणार नाही अशा बंद पेटीतच ठेवावे.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. चिमटा वापरावा आणि खोल पुरावा. आणि विष न घालताही घरात किंवा गावात उंदीर पटापट मरू लागले, तर ती आनंदाची गोष्ट समजू नये. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा वेळी उंदरांना हात न लावता ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

ही चूक जिवावर बेतते

आता सर्वांत महत्त्वाचे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. धान्यासाठी नको, उंदरांसाठी नको, ढेकणांसाठी नको. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू बाहेर पडतो. ही गोळी हवेतील दमटपणानेच सुटू लागते. जुन्या घराच्या भिंतींना भेगा असतात, कडीपाटाच्या फळ्यांमध्ये सांधे उघडे असतात. त्यामुळे बंद केलेल्या खोलीतला वायू शेजारच्या आणि वरच्या खोलीत सहज पोहोचतो. माणसे झोपेत असतात आणि त्यांना कळतही नाही. वास येत नाही म्हणजे वायू नाही असे मुळीच नाही. या विषावर उतारा उपलब्ध नाही. या गोळ्यांची विक्री सर्वसामान्यांना करण्यास मनाई आहे ती याच कारणाने. कोणी दुकानदार सुट्या गोळ्या कागदात बांधून देत असेल तर घेऊ नयेत.

तसेच जुन्या डब्यांचे. बीएचसी पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे. घरात फवारण्याची अनेकांना सवय असलेल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आली. माळ्यावर असे डबे राहिले असतील तर ते वापरू नयेत आणि आडात किंवा ओढ्यात ओतूही नयेत. मुलांपासून दूर कुलूपबंद ठेवून विल्हेवाटीबद्दल कृषी अधिकाऱ्यांना विचारावे.

व्यावसायिक माणूस बोलावताना

वाळवी घरभर पसरली असेल तर जाणकार माणसाची मदत घेणे योग्य. मात्र पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. परवाना आहे का? पैसे घेऊन कीडनाशक मारण्याच्या कामाला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो पाहण्यास मागावा.

२. कीड कोणती आहे व कोठे आहे? घर फिरून, ठोकून न पाहता जो दर सांगतो त्याला काम देऊ नये.

३. औषध कोणते? डबा सीलबंद असावा व आपल्यासमोर उघडावा. लेबलवर इमारतीतील वाळवीसाठी किंवा घरगुती वापरासाठी असा स्पष्ट उल्लेख असावा. लाल त्रिकोण असलेले औषध घरात मारू देऊ नये. नावात साम्य असले तरी फसू नये. इमारतीतील वाळवीसाठी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के वापरतात, शेतात आपण वापरतो ते १७.८ टक्के. दोन्हींचे लेबल, मात्रा आणि उपयोग वेगळे आहेत.

४. काम कसे करणार? भिंतीवर वरवर फवारून वाळवी जात नाही. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यालगत साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून औषधाचे पाणी जमिनीत सोडावे लागते व नंतर छिद्रे बुजवावी लागतात. भिंतीजवळ आड किंवा बोअर असेल तर ते आधी सांगावे. त्या बाजूच्या जमिनीत औषध सोडू देऊ नये.

५. काय झाकायचे, किती वेळ बाहेर राहायचे? पाणी, धान्य, भांडी, वैरण हलवावी. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि जनावरे कामाच्या वेळी घरात नसावीत.

६. पावती व हमी लेखी मिळेल का? पावतीवर औषधाचे नाव, प्रमाण, तारीख आणि पुन्हा तपासणीस केव्हा येणार हे लिहून घ्यावे. पुढे कोणाला त्रास झाला तर डॉक्टरांना हीच पावती उपयोगी पडते.

आणखी एक समज काढून टाकावा. वास जेवढा उग्र तेवढे औषध जालीम, असे नसते. कामाची किंमत वासावर ठरवू नये. छिद्रे किती पाडली आणि पुढच्या पावसानंतर नळ्या पुन्हा दिसल्या का, हे पाहावे.

वर्षाचे वेळापत्रक

एप्रिल-मे महिन्यात कौले, माळवद, तुळयांची टोके आणि खांबांची बुडे तपासावीत व फटी बुजवाव्यात. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पंख कोठे पडतात ते पाहून ठेवावे. खरीप आणि रब्बी या दोन्ही सुगींनंतर, धान्य घरात येण्यापूर्वी, कोठीघर रिकामे करून झाडावे आणि उंदरांची बिळे बंद करावीत. धान्य दाताखाली कडक लागेल इतके वाळवूनच भरावे.

मंडळी, या कामांपैकी बहुतेकांना लागतो तो एक दिवस, एक हातोडी आणि घमेलेभर सिमेंट. एवढे वेळेवर केले तर औषधाची गरज अनेक घरांत पडणारच नाही, आणि जेथे पडेल तेथे ती थोड्या खर्चात व सुरक्षितपणे भागेल. घरी गेल्यावर आधी माळ्यावरचे जुने डबे पाहा आणि मग खांबाचे बूड ठोकून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.