संकटातला पहिला तास गावाचा
(देऊळघाट व पैनगंगाकाठच्या शेतकऱ्यांसाठी रेडिओ भाषण)



आजचा विषय पेरणीचा नाही, खताचाही नाही. पण वावरातलं पीक, गोठ्यातलं जनावर आणि घरातलं माणूस, तिघांशी त्याचा संबंध आहे. 'आपत्ती प्रतिसाद' हा शब्द हल्ली सरकारी कागदात नेहमी दिसतो. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. संकट कोसळल्यापासून गावाचा गाडा पुन्हा रुळावर येईपर्यंत जीव वाचवण्यासाठी आणि नुकसान आवरण्यासाठी जे जे करावं लागतं, त्या सगळ्याला प्रतिसाद म्हणतात.

आता आणीबाणीचा प्रसंग कोणता आणि आपत्ती कोणती? एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीला आग लागली, शेजारीपाजारी धावले, पाणी-माती टाकून आग विझवली. हा झाला आणीबाणीचा प्रसंग. तीच आग वाऱ्यानं साऱ्या आळीत पसरली आणि गावाच्या हाताबाहेर गेली, की ती आपत्ती. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्यातही मोजमाप हेच आहे. जे नुकसान सोसण्याची, सावरण्याची ताकद त्या भागातल्या लोकांजवळ उरत नाही, ते आपत्ती. म्हणजे संकट किती मोठं, हे निम्मं पाण्यावर-वाऱ्यावर ठरतं आणि निम्मं आपल्या तयारीवर. गावाची ताकद वाढवा, म्हणजे तेवढीच आग, तेवढाच पूर आपत्ती होण्याआधी आटोक्यात येईल.

याला आपल्याच महाराष्ट्रातला दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावं गाढ झोपेत होती. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. घरं माणसांवरच बसली. हजारो माणसं गेली. पुढे लष्कर आलं, डॉक्टर आले, देशभरातून मदत आली. पण जी माणसं पहिल्या तासांत ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, त्यांना कुणी काढलं? वाचलेल्या शेजाऱ्यांनी आणि भावकीनं, हातानं दगडमाती उपसून. जगात कुठेही मोठा भूकंप झाला, की हेच दिसतं. दबलेल्या माणसाजवळ सर्वांत आधी पोचतो तो शेजारी.

आपल्यापुरता हिशेब करून पाहा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते. राज्याच्या दलाची केंद्रं धुळे आणि नागपूरला आहेत. ही माणसं तरबेज आहेत, बोटी-अवजारं घेऊन येतात. पण फोन गेल्याबरोबर निघाली तरी देऊळघाटला पोचायला त्यांना काही तास लागणारच. बुडणाऱ्या माणसाला काही मिनिटंच मिळतात. म्हणून पहिला तास गावाचा. तो कुणी दुसरा येऊन निभावणार नाही.

त्यातून आपली पैनगंगा. ती अजिंठ्याच्या डोंगररांगेत, आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. उगमाजवळच्या नदीचा स्वभाव वेगळा असतो. खाली दूरवरच्या गावांना पूर येणार, याची खबर आधी मिळते. वर डोंगरात ढग फुटला, तर आपल्याकडे मात्र बघता बघता पाणी चढतं आणि तसंच उतरतं. गावात पाऊस नसला तरी नदी-नाले फुगू शकतात. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीनं काय झालं, ते आपण जाणता. नदीकाठची जमीन खरडून गेली, घरांत पाणी शिरलं. अशा पाण्याशी विचार करत बसायला वेळ नसतो. विचार आधी करून ठेवायचा असतो.

तो कसा करायचा? गावानं बसून पाच कामं वाटून घ्यावीत. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमावीत, एक गावाला गेला तर दुसरा हजर पाहिजे.

पहिलं काम खबरीचं. कोतवालाची दवंडी, देवळाचा कर्णा, मशिदीचा भोंगा, तिन्ही वापरावेत. वीज गेली तरी चालेल असं एक साधन ठेवावं, मग ती थाळी असो की ढोल. पण कोणता आवाज कशासाठी, हे लहान पोरालाही ठाऊक हवं. याच माणसांनी बाहेर फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस किंवा आगीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. गाव, ठिकाण, काय झालं, किती माणसं अडकली, एवढंच सांगावं.

दुसरं काम सुटकेचं. दोरखंड, शिडी, कुदळ-फावडी, बॅटरी आणि ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब एका ठरलेल्या जागी ठेवावी. इथं एक नियम पाळा. मदतीला गेलेला माणूस दुसरा बळी होता कामा नये. विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे उडी टाकू नका, आत विषारी वायू असू शकतो. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी माणसाचे पाय उचलतं. फरशीपुलावरून पाणी वाहत असेल, तर ना पायी जा, ना बैलगाडी घाला, ना मोटारसायकल.

तिसरं काम प्रथमोपचाराचं. बुडालेला किंवा वीज पडलेला माणूस श्वास घेत नसेल, तर त्याला उताणा निजवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरानं दाबावं. दाब दोन इंचांचा, वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. बुडालेल्याच्या तोंडातून श्वासही द्यावा. गाडी येईपर्यंत थांबू नये. वीज पडलेल्याच्या अंगाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज राहत नाही.

चौथं काम म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं, बाळंतिणींचं आणि अपंगांचं. कुणाच्या घरी कोण आहे, याची यादी हवी आणि प्रत्येकाला नेणारा माणूस ठरलेला हवा. उंचावरची जागाही आधीच ठरवा.

पाचवं काम जनावरांचं. पाणी चढू लागलं की आधी दावी सोडा, नाही तर कापा. मोकळं जनावर पोहून जगण्याची आशा असते, खुंट्याला बांधलेलं जागीच मरतं. पण जनावरासाठी माणूस पुरात घालू नका.

विजेबद्दल वेगळं सांगतो, कारण ती वावरात एकट्यादुकट्याला गाठते. वीज चमकल्यावर मनात आकडे मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. औत सोडा, झाडाखाली उभं राहू नका, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलं आहे, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला ते मोबाईलवर घ्यायला सांगा.

संकट ओसरलं की प्रतिसाद संपला, असं समजू नका. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल, तर ब्लीचिंग पावडर टाकून शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका, नाही तर पुरातून वाचलेलं गाव हगवणीनं आजारी पडेल. नुकसानीची खबर लगेच तलाठ्याला द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. त्याआधी बांधावरून फोटो काढून ठेवा. माणूस दगावला, तर शवविच्छेदनाशिवाय पुढे मदतीचा कागद अडतो. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यानं लक्ष ठेवावं. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून आणि पंचनाम्यातून त्याची नोंद करून घ्या.

मंडळी, यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, माणसं लागतात. ती आपल्या गावात आहेत. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. नावं ठरवा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून लावा. मृगाच्या आधी एकदा थाळी वाजवून तालीम करा. कोण किती वेळात कुठं पोचतो, ते घड्याळ लावून बघा. बी-बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतो, तशीच ही तयारीही पावसाआधी तपासा.