पेजेचं उन्हाळी पाणी जपून वापरा



आपल्याकडे पाऊस धो-धो पडतो, पण होळी आली की ओहोळ आटतात, विहिरी तळ गाठतात. मग कर्जतची पेज नदी भर उन्हाळ्यात वाहते कशी?

पेज ही उल्हास नदीची उपनदी. तिचं उन्हाळी पाणी मात्र घाटावरचं आहे. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण आहे. हे पाणी एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं. १९२२ साली टाटांचं भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. तेव्हापासून ते घाट उतरून वीज तयार करतं आणि मग पेजेत येतं. खालापूरकरांना हे नवं नाही. खोपोलीच्या वीजघराचं पाणी १९१५ पासून पाताळगंगेला असंच मिळतं.

पेजेच्या या पाण्यावर राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात होतं. पण वीजघर चालतं ते विजेच्या गरजेप्रमाणे. ते कमी चाललं की नदी उतरते, कालवाही उतरतो. अशा वेळी वरच्या शेतातून पाणी फुकट वाहत असेल, तर टोकाकडच्या भावाचं भात ऐन पोटरीत वाळतं. म्हणून चार गोष्टी सांभाळा.

एक, कालव्याखालच्या सगळ्यांनी पेरणी एकाच सुमारास करा. कर्जत ३ सारखी हळवी जात घ्या, म्हणजे शेवटची पाणीपाळी हुकण्याची भीती कमी.

दोन, बांध आणि दांड आधीच लिंपून घ्या. रोप रुजेपर्यंत २ ते ३ सेंटिमीटर पाणी पुरतं, पोटरीपासून दाणा भरेपर्यंत ५ सेंटिमीटर ठेवा. कापणीआधी १० दिवस पाणी तोडा.

तीन, युरिया वाहत्या पाण्यात टाकू नका. आधी खाचरातलं पाणी काढा, खत द्या, मग एक-दोन दिवसांनी पाणी घ्या. नाहीतर तुमचा पैसाच नदीला जातो.

चार, फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे नदीत किंवा कालव्यात धुऊ नका. खाली आपलीच गुरं पाणी पितात. पुढे बदलापूर, कल्याणची माणसंही उल्हासचंच पाणी पितात.

डोंगरापलीकडून आलेलं पाणी आहे. टोकाच्या खाचरापर्यंत पोचलं, तरच ते सगळ्यांचं झालं.