चरबी पचवणाऱ्या जीवाणूंना वेळ द्या

संशोधक मित्रहो,

वसईत, तुंगारेश्वरच्या पायथ्याशी वसलेल्या गोखिवऱ्यात तेल आणि चरबी पचवणाऱ्या जीवाणूंवरची परिषद भरते, हे मला अगदी योग्य वाटते. गोखिवऱ्याच्या आसपास कारखान्यांचे गाळे आहेत, खाणावळी आहेत आणि महापालिकेची कचराभूमीही आहे. आमच्या नाल्यांचे पाणी शेवटी जिथे जाते, त्या खाडीवर आमच्या कोळी बांधवांचे पोट आहे.

मोरीत ओतलेले तेल नाहीसे होत नाही. त्यातली मेदाम्ले गटाराच्या काँक्रीटमधल्या कॅल्शियमला धरतात आणि साबणासारखा टणक थर बसतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असा सुमारे २५० मीटर लांबीचा, १३० टनांचा लगदा सापडला होता. आपल्याकडे तुंबलेले गटार मोकळे करायला अजूनही माणूस आत उतरवला जातो. अशा जीवघेण्या सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. म्हणून मला हा विषय फार जवळचा वाटतो.

स्युडोमोनास, बॅसिलस, अॅसिनेटोबॅक्टर हे जीवाणू लायपेज नावाचे विकर सोडतात आणि चरबीचे ग्लिसरॉल व मेदाम्लांत विघटन करतात. पण तिथे काम निम्मेच झालेले असते. मेदाम्ले पचली नाहीत, तर वाहत जाऊन पुढे कुठेतरी पुन्हा थर धरतात. हवा, ऊब आणि वेळ मिळाला, तर पचन पुरे होते. वाहत्या गटारात जीवाणूंची भुकटी टाकली, तर तिच्यातले बरेच जीवाणू काम सुरू होण्याआधीच वाहून जातात. म्हणून तेल आधी ग्रीस ट्रॅपमध्ये अडवावे आणि मग टाकीत जीवाणूंना त्यांचे काम करू द्यावे.

ही वाट महाराष्ट्रात आधीच चोखाळली गेली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात पहिल्या टाकीत हवा आणि गरम पाणी देऊन ओला कचरा जीवाणूंकडून अर्धवट पचवून घेतात. मग बंद टाकीत त्याचा मिथेन होतो. एक किलो चरबीपासून तत्त्वतः सुमारे एक घनमीटर मिथेन मिळू शकतो. मात्र मेदाम्ले एकदम वाढली, तर मिथेन करणारे जीवाणूच मंदावतात. कोणत्या टाकीला चरबीची किती मात्रा झेपेल, याचे उत्तर आम्हाला आपल्याकडून हवे आहे.

माझी एक विनंती आहे. या चर्चेचे सार सोप्या मराठीत, एका पानावर लिहून द्या. ट्रॅप केवढा असावा, तो कधी उपसावा, पाणी टाकीत किती तास राहावे, एवढे त्यात असू द्या. ते पान इथल्या खाणावळवाल्यांपर्यंत, कारखानदारांपर्यंत आणि सफाई कामगारांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आमची स्वागत समिती घेते.

परिषदेचे कामकाज सुरू करण्याची मी अध्यक्षांना विनंती करतो.