सत्तावन्न किलोचा हिशेब
(स्वारगेटच्या सभेतलं भाषण)



मी गोदीत पोती उचलतो. वजनाचं मला शिकवू नका. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ५७ किलो गटात कांस्य मिळवलं. २०२४ ला पॅरिसात अमन सेहरावतनंही तेच. वजन एक, पदक एक. वारसा मात्र दोन.

खाशाबांसाठी लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. १९८४ ला खाशाबा गेले. सरकारचा अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा. ही थकबाकी त्यांचा वारसा.

अमनच्या सरावाला सरकारी योजनेचा पैसा होता. तिजोरी उघडली की आईबाप गेलेलं पोरगंही एकविसाव्या वर्षी पदक आणतं. हा पुरावा अमनचा वारसा.

आता पुरावा हातात घ्या आणि थकबाकी मागा. या स्वारगेटच्या ष्टॅंडवर बोजे उचलणाऱ्या आपल्या पोराला शाबासकी नको. तालीम पाहिजे, खुराक पाहिजे. हक्कानं!

जय भीम.