दोन पडदे, एक काम



छापखान्यात मुद्रिते तपासण्याची एक जुनी रीत होती. एकाने मूळ हस्तलिखित हाती धरून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मुद्रितावर पेन्सिल टेकवून शब्द न् शब्द ताडून पाहावा. एका कामाला दोन माणसे बसवली जात ती हौसेखातर नव्हे. मूळ आणि नक्कल यांची समोरासमोर गाठ पडल्यावाचून चूक उघडी पडत नाही, हे त्या व्यवसायाने अनुभवाने ओळखले होते.

संगणकाच्या एकाच पडद्यावर काम करणाऱ्या माणसाला ही गाठ घालून देणे कठीण जाते. मूळ कागदाचे छायाचित्र पाहायचे, ते झाकून लेखनाची खिडकी पुढे आणायची, आठवेल तेवढे लिहायचे आणि पुन्हा मागची खिडकी वर काढायची, असा खेळ दिवसभर चालतो. मूळ झाकले गेल्यापासून अक्षर उमटेपर्यंत जो अर्धा क्षण जातो, तेवढ्या अवधीत मजकूर केवळ स्मरणाच्या आधाराने प्रवास करतो. ३८ चे ८३ होतात ते याच वाटेवर. एका पडद्याचे दोन भाग करून दोन्ही खिडक्या शेजारी मांडता येतात हे खरे; परंतु मग अक्षरे इतकी बारीक होतात की वाचणाऱ्याचे डोळे शिणून जातात. म्हणून कामाच्या टेबलावर दुसरा पडदा, म्हणजे दुसरा मॉनिटर, ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ही सोय आजची नव्हे. ॲपल कंपनीच्या ‘मॅकिंटॉश टू’ या यंत्राला १९८७ मध्येच एकाहून अधिक पडदे जोडता येत होते, आणि १९९८ साली ‘विंडोज ९८’ या प्रणालीने ती सोय साध्या कचेरीतील संगणकांपर्यंत आणून पोहोचवली.

दुसरा पडदा विकत आणणे सोपे आहे. त्याला कामाला लावणे हा निराळा भाग. तो कसा लावावा हे समजून घेण्यासाठी एखादे प्रत्यक्ष काम डोळ्यांपुढे ठेवणे बरे, आणि मोडी कागदांच्या लिप्यंतराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पुणे, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, जेथे जेथे मराठी कारभार चालला तेथे तेथे मोडी कागद साठले. दफ्तरखान्यांत त्यांचे रुमाल बांधलेले आहेत, आणि कित्येक घरांतील जुन्या पेट्यांतही सनदा, खरेदीखते, वाटणीपत्रे पडून आहेत. मोडीची ओळ म्हणजे अखंड प्रवाह. शिरोरेषा आधी ओढलेली. तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे गुंफलेली. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नाही. अशा ओळीतून एक शब्द सोडवताना वाचणाऱ्याची दृष्टी मूळ कागद आणि आपले लेखन यांच्यामध्ये दहा वेळा येरझारा घालते. त्यातून कागद जमिनीचा असेल, तर बिघे आणि पांड यांचे आकडे येतात. वीस पांडांचा एक बिघा. एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर कोणाच्या तरी वाट्याचा तुकडा कागदावरून नाहीसा होतो. आणि देवनागरी प्रत एकदा सिद्ध झाली की मूळ मोडी कागद पुन्हा उलगडून पाहणारे फार थोडे. पुढचे सारे त्या प्रतीवरच विश्वासून चालतात.

आता मांडणीकडे वळावे. खरेदीच्या आधी आपल्या संगणकाच्या मागे आणि कडेला कोणती तोंडे आहेत ती पाहावीत. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि लहान, लंबगोल यूएसबी-सी ही आजची प्रचलित तोंडे होत. जुन्या यंत्रांवर निळ्या रंगाचे व्हीजीए आढळते. यूएसबी-सीचे प्रत्येक तोंड चित्र वाहून नेतेच असे नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात ते तपासावे. काही यंत्रांना मर्यादाही असते. २०२० साली आलेल्या, एम१ जातीच्या ॲपल मॅकबुक एअरला बाहेरून एकच पडदा सरळ जोडता येतो. ही चौकशी न करता दोन मॉनिटर घरी आणले, तर त्यांतील एक खोक्यातच राहतो.

केबल जोडल्यावर अनेकदा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते, आणि नवखा माणूस निराश होतो. यंत्राने त्याला प्रतिबिंब समजले आहे, एवढाच याचा अर्थ. विंडोजमध्ये खिडकीचे चिन्ह असलेली कळ धरून ‘पी’ दाबली की चार पर्याय पुढे येतात. त्यांतील ‘एक्स्टेंड’ निवडावा. त्यासरशी दोन पडदे मिळून एक सलग पट होतो.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि पुढे रोज तिचा त्रास सोसतात. कोणता पडदा डावीकडे आहे आणि कोणता उजवीकडे, हे यंत्राला दिसत नाही. ते आपण सांगावे लागते. रिकाम्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. तेथे १ आणि २ असे आकडे घातलेले चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबले की प्रत्यक्ष पडद्यांवरही तेच आकडे उमटतात, आणि कोणता चौकोन कोणाचा हे कळते. मग टेबलावर पडदे जसे आहेत तसेच ते चौकोन ओढून बसवावेत. अॅपलच्या यंत्रावर हेच काम ‘डिस्प्लेज’ या विभागातील ‘अरेंज’ येथे होते. एक पडदा उंच आणि दुसरा बुटका असेल, तर चौकोनांच्या कडाही तितक्याच वरखाली जुळवाव्यात. हे न केल्यास माउसचा बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच भिंत लागल्यासारखा अडतो, किंवा निघाला तेथून हातभर खाली उगवतो.

मोडीच्या कामात आणखी एक सोय मोलाची आहे. जुने कागद बहुधा लांबट आणि अरुंद असतात. आडव्या पडद्यावर अशा कागदाचा चतकोर भागच मावतो. मॉनिटरचा पाय फिरणारा असेल, तर तो पडदा उभा करावा आणि त्याच ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ‘पोर्ट्रेट’ हा पर्याय द्यावा. ओळींची संगती तुटत नाही, आणि वरच्या ओळीतील अक्षराचे वळण खालच्या ओळीतील अक्षराशी ताडून पाहता येते. पाय फिरणारा नसेल, तर मॉनिटरच्या पाठीवरील चार स्क्रूंची छिद्रे पाहावीत. ती एकमेकांपासून ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर असली की बाजारात मिळणारा टेबलाला कसायचा हात त्याला सहसा बसतो.

अक्षरांच्या आकाराचा विचार देवनागरी लिहिणाऱ्याने विशेष करावा. रोमन अक्षरांना वरखाली फारसा पसारा नसतो. देवनागरीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि रकार. अक्षर लहान ठेवले की हे सारे एकमेकांत मिसळते आणि अनुस्वाराचा ठिपका दृष्टीतून निसटतो. ‘स्केल’ हा पर्याय प्रत्येक पडद्याला वेगळा देता येतो. लेखनाच्या पडद्यावर तो १२५ किंवा १५० टक्के ठेवल्यास काम सुखाचे होते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील निवाडा मोडी कागद करून देत नाही, तो लिप्यंतर करणाऱ्यालाच करावा लागतो. निदान आपण केलेला निवाडा त्याला स्पष्ट दिसला पाहिजे.

रंगाचेही असेच. संध्याकाळी पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ नावाची सोय डोळ्यांना सौम्य वाटते. परंतु आधीच पिवळ्या पडलेल्या कागदावरील विटकी शाई तिच्यामुळे अधिकच बुडते. कागद वाचत असेपर्यंत ती बंद असावी. दोन्ही पडद्यांचा उजेड सारखा करून घ्यावा. एक झगझगीत आणि दुसरा मंद असला की प्रत्येक फेरीला डोळ्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते.

येथवर यंत्राची सोय झाली, आता देहाची. पडदा हातभर अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्याने तो आणखी खाली घ्यावा. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी सतत उचलावी लागते. पण समोर कोणता पडदा ठेवावा? पुष्कळ जण ज्यावर आपण लिहितो तो समोर ठेवतात आणि मूळ कागद कडेला ढकलतात. वास्तविक सरावलेल्या हाताला लेखनाकडे ओझरते पाहणे पुरते. नजर खिळलेली असते ती मूळ कागदावर. म्हणजे तासन् तास मान एकाच बाजूला वळलेली राहते, आणि महिन्याभराने खांदा बोलू लागतो. यासाठी ज्याच्याकडे अधिक वेळ पाहायचे तो पडदा नाकासमोर, कळफलकही त्याच्याच मध्यभागी, आणि दुसरा त्याला लागून थोडा आत वळवलेला, अशी मांडणी करावी. दोहोंकडे सारखेच पाहावे लागत असेल, तर दोन्ही पडदे अर्धवट उघडलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे लावून त्यांचा सांधा समोर घ्यावा. यंत्राच्या लेखी ‘मुख्य’ असलेला पडदा म्हणजे जेथे कामाची पट्टी आणि नवी खिडकी उघडते तो. मानेच्या लेखी मुख्य असलेला पडदा हाच असला पाहिजे असा नियम नाही. लेखनाचा पडदा यंत्रासाठी मुख्य ठरवावा आणि मूळ कागदाचा पडदा मानेसाठी, हेच या कामात सोयीचे.

रोजच्या वापरात दोन अडचणी हटकून येतात. लॅपटॉप उचलून नेला आणि परत आणला की एखादी खिडकी कोठे तरी दृष्टीआड राहते. कामाच्या पट्टीवरून ती निवडून, खिडकीच्या चिन्हाची कळ आणि ‘शिफ्ट’ एकदम धरून डावा किंवा उजवा बाण दाबला, की ती दुसऱ्या पडद्यावर येऊन हजर होते. दुसरी अडचण अधिक जपण्याची. दूरच्या सहकाऱ्याला आपला पडदा दाखवायचा असतो, आणि घाईत संपूर्ण पडदा दाखवला जातो. त्यावर कोणाचे खासगी पत्र, कोणाच्या मिळकतीचा कागद उघडा असतो. दाखवायची ती एकच खिडकी निवडावी. दुसऱ्याचे कागद विश्वासाने सांभाळणाऱ्याला हा संयम पाळलाच पाहिजे.

आणि एक मोह शेवटी सांगण्याजोगा आहे. दुसरा पडदा मिळाला की रिकामी जागा मिळाली असे वाटू लागते, आणि तेथे टपाल, बातम्या, क्रिकेटचे धावफलक येऊन बसतात. ज्या डोळ्यांना मूळ आणि नक्कल यांच्यामध्येच फिरायचे, त्यांना तिसरे घर मिळते. मग एका पडद्यावर होत होत्या त्याच चुका दोन पडद्यांवर होतात. काम चालू असेतो एका पडद्यावर मूळ आणि दुसऱ्यावर प्रत, याखेरीज तेथे काही नसावे.

इतके केल्यावरही ताडून पाहण्याचे काम उरतेच. पडद्यांनी दोन कागद शेजारी आणून ठेवले, पण वाचायचे माणसालाच. पान संपले की छापखान्यातील त्या जोडीप्रमाणे मूळ मजकूर मोठ्याने वाचावा आणि शेजारच्या पडद्यावर बोट फिरवीत जावे. जोडीदार मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास आपलाच आवाज आपला जोडीदार. ज्या ओळीवर आवाज आणि बोट यांची फारकत होईल तेथे थांबावे, मूळ अक्षर मोठे करून पुन्हा पाहावे, आणि मगच पुढच्या पानाकडे वळावे.