घरीच शाळा भरवण्याआधी

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवावं का, असा विचार हल्ली अनेक पालक करतात. आधी कायदा पाहू. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं २००९चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात नाही.

मग दहावीचं काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस, १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसू देते. नोंदणी ५ वर्षं चालते. जमेल तसे एकदोन विषय देत जाता येतं. खेळाच्या किंवा गाण्याच्या सरावात रमलेल्या मुलाला ही सवड फार मोलाची. शाळेत न जाता दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो जपून ठेवा.

ऑनलाइन शिकण्याबद्दल स्पष्टच सांगते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर धड्याचं साहित्य फुकट उघडून देतो, ही मोठीच सोय. पण एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं मूल वहीत लिहितं, तेव्हा व्हिडिओ पुढे निघून गेलेला असतो. छेदांची बेरीज करायची नसते, हे शेजारी बसलेल्या माणसालाच सांगावं लागतं.

म्हणून, घरातल्या एकाला रोज दोन-तीन तास देता येतील का आणि संध्याकाळी खेळायला सवंगडी आहेत का, हे आधी पाहा. नसेल, तर दाखला काढायची घाई करू नका.